तीन इंचाचे चौकोन

आमच्या खेळाचे नियम मी बदलले ते भांडणं मिटावीत म्हणून, असं मी मित्राला सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि चांगले दोन-तीन महिने स्वतःलाही सांगत राहिलो. ते खोटं होतं. मी घाबरलो होतो म्हणून नियम बदलले. एवढं वाक्य लिहायला मला आज सकाळपासून दोन कप चहा लागला आहे, तेव्हा भीती सगळी गेली असं कोणी समजू नये.

मी शेगावातला दातांचा डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असतो, आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत सहा बाय चार फुटांचं एक टेबल आहे. त्या टेबलावर गेली काही वर्षं दर रविवारी दुपारी लढाई चालायची. एका बाजूला मराठ्यांचं घोडदळ, दुसऱ्या बाजूला मोगलांचं पायदळ आणि तोफा, सगळे बोटाच्या पेराएवढे. हे सैनिक मी घरीच ओततो. कवळीसाठी लागणारं गुलाबी अ‍ॅक्रिलिक माझ्याकडे कायम उरलेलं असतं, त्यामुळे आमचा प्रत्येक घोडा आतून गुलाबी आहे. रंग उडाला की घोड्याच्या पाठीवर हिरडी दिसते. बायको म्हणायची, चाळिशी उलटली तरी बाहुल्या सुटल्या नाहीत. मी म्हणायचो, बाहुल्यांना तलवारी नसतात.

माझ्यासमोर खेळायचा तो माझा शाळेतला मित्र. एका बाकावरचे आम्ही. तो जमीन मोजणीच्या खात्यात आहे, संग्रामपूरला असतो. रविवारी मोटारसायकलवर यायचा, आधी दर्शन, मग कचोरी, मग युद्ध असा त्याचा क्रम ठरलेला. नियमांचं पुस्तक आम्ही इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं. त्यात सगळं इंचांत होतं. पायदळ एका खेपेला सहा इंच चालतं, घोडदळ बारा, तोफेचा गोळा चोवीस इंचांवर पडतो. म्हणजे टेप धरायचा, मोजायचं, सैनिक सरकवायचा. आता मोजणीवाल्या माणसासमोर टेप धरणं म्हणजे काय ते विचारू नका. घोडा नाकापासून मोजायचा की शेपटीपासून, यावर एक अख्खी दुपार गेली आहे. "हद्द कुठून धरली ते आधी सांग," असं म्हणून तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मी चिडायचो, तो आणखी खूश व्हायचा. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या इंचाच्या भांडणासाठीच आम्ही आठवडाभर वाट बघत असू.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझे घोडेस्वार ओढ्यापर्यंत पोचतात का ते मी मोजत होतो. टेपचं लोखंडी टोक घोड्यांच्या रांगेवरून न्यायचं होतं. ते टोक थरथरलं आणि सात घोडेस्वार एकामागोमाग आडवे झाले.

"काऊन बे, भूकंप आला का?" मित्र म्हणाला.

मी हसलो. टेपचं टोक वाकडं झालंय म्हणालो. पुढच्या रविवारी नवा टेप आणला आणि नव्या टेपनं पाच पाडले. तिसऱ्या रविवारी मी मोजायचं काम त्याच्याकडे दिलं, तुझाच धंदा आहे, तूच मोज असं म्हणून. तो बिचारा खूश झाला. मी मात्र उजवा हात मांडीखाली दाबून बसलो होतो, आणि मांडीखाली तो हात आपल्याच नादात हलत होता. तो माझा आहे असं मला वाटेना.

इथे वडिलांबद्दल सांगायला हवं. माझे वडील पूजा सांगायचे. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं. त्यांचा आवाज चांगला होता आणि घाई अजिबात नव्हती, त्यामुळे गावात त्यांना मागणी होती. मी कॉलेजात असताना त्यांचा हात हलायला लागला. पळीनं पंचपात्रातलं पाणी घेताना पळी भांड्याच्या काठावर वाजायची. टकटकटक असा बारीक आवाज, आचमनाच्या वेळी, सगळे शांत बसलेले असताना. कोणी काही बोललं नाही. यजमान खाली मान घालून बसायचे, बायका पदर सारखा करायच्या. पुढच्या वर्षी बोलावणी कमी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी, आणि मग वडील सकाळी आंघोळ करून धोतर नेसून ओट्यावर बसायचे आणि कोणी येत नसे. त्यांच्या दुखण्याला कंपवात म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते गेले तेव्हा त्यांना स्वतःच्या हातानं घास घेता येत नव्हता. मला त्या शेवटच्या वर्षांपेक्षा तो पळीचा आवाज जास्त आठवतो.

तो आवाज मी पुन्हा ऐकला माझ्याच दवाखान्यात, संक्रांतीच्या आसपास. एका शाळेतल्या बाईंच्या दाढेचं रूट कॅनाल सुरू होतं. त्या कामाला चार-पाच खेपा लागतात, ही पहिलीच खेप होती. त्या खुर्चीवर डोळे मिटून पडल्या होत्या. मी आरसा तोंडात घातला आणि आरशाची दांडी त्यांच्या खालच्या दाताला लागून वाजायला लागली. टकटकटक. मी लगेच करंगळी त्यांच्या हनुवटीवर रोवली, कोपर अंगाशी दाबलं, श्वास धरला. आवाज थांबला. बाईंनी डोळे उघडले नाहीत. काम झाल्यावर रुमालानं तोंड पुसून "बरं वाटते आता" म्हणाल्या आणि पुढची तारीख घेऊन गेल्या. मी आतल्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि नुसताच उभा राहिलो.

दंतवैद्याच्या हातात काय असतं याचा विचार लोक करत नाहीत, आणि करत नाहीत तेच बरं. मिनिटाला लाखोंनी फेरे घेणारं ड्रिल असतं. त्याच्या शेजारी जीभ असते, गाल असतो. माणूस डोळे मिटून तोंड उघडतो तो आपल्या भरवशावर. हे मला माहीत होतं आणि तरी मी दवाखाना बंद केला नाही. दात काढायचे रोगी मी खामगावला पाठवायला लागलो. मशीन बिघडलंय म्हणून सांगायचो. पण शाळेतल्या बाईंना पाठवता येईना. अर्धं झालेलं काम दुसरीकडे पाठवलं तर त्या विचारतील का, आणि त्यांनी विचारलं की शाळेच्या स्टाफरूमला कळेल, तिथून गावाला. बोलावणी कमी होतात ती कशी, हे मी पाहिलेलं होतं. डॉक्टरकडे जाऊन दाखवावं हेही सुचत नव्हतं असं नाही. अकोल्याला मेंदूचे डॉक्टर आहेत, तासाभराचा रस्ता. पण त्यांनी त्या दुखण्याचं नाव घेतलं की ते मला झालेलं असणार, आणि त्यांनी घेईपर्यंत झालेलं नाही, असा माझा हिशोब होता. सुशिक्षित माणूस घाबरला की किती अडाणी होतो ते मी स्वतःवरून सांगतो.

खेळही सोडायचा नव्हता. सोडला असता तर मित्रानं कारण विचारलं असतं. म्हणून मी नियम बदलायला घेतले.

कल्पना सोपी होती. टेबलावर तीन-तीन इंचांचे चौकोन आखायचे. लांबीला चोवीस, रुंदीला सोळा. मग टेप लागतच नाही. पायदळ दोन चौकोन चालेल, घोडदळ चार, तोफेचा गोळा आठ चौकोनांवर जाईल. प्लास्टरच्या तीन इंची फरश्या ओतून मी टेकड्या केल्या, विहिरी केल्या, काळ्या रानाचे तुकडे केले, एक संत्र्याची बाग केली. कामात मन लागलं की भीती जरा लांब उभी राहते. साचा ओतायला थरथरता हात चालतो, उलट प्लास्टरमधले बुडबुडे निघतात. हे लक्षात आलं तेव्हा मी हसलो, आणि मग माझं मलाच भयंकर वाटलं.

चौकोनांचे प्रश्न वेगळे असतात. तिरकं जायचं तर कसं मोजायचं? सरळ चार घरं आणि तिरकी चार घरं यांत बराच फरक पडतो, तिरका माणूस फुकटात पुढे जातो. मोजणीवाला हे खपवून घेणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून पहिलं तिरकं घर एक मोजायचं आणि दुसरं तिरकं घर दोन, असं ठरवलं. त्यानं कागदावर कर्ण काढून पाहिला आणि "बराबर हाय, जवळपास बसते" म्हणाला. त्याच्याकडून एवढी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

मग मी एकेक कलम वाढवत गेलो. सैनिक चौकोनात कुठेही उभा असला तरी मधोमध धरायचा. सुटे सैनिक नकोत, आठ-आठ जण एका लाकडी पट्टीवर चिकटवायचे आणि पट्टी सरकवायची. तोफेचा गोळा कुठे फुटला ते ठरवायला पूर्वी प्लास्टिकची गोल चकती सैनिकांच्या डोक्यावर अधांतरी धरावी लागायची, ती काढून टाकली. गोळा पडला की अख्खा चौकोन मेला. फासे हातानं न टाकता उभ्या नळीत सोडायचे, खाली वाटीत पडतील. प्रत्येक कलमाला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण होतं. खेळ लवकर संपतो, वाद होत नाहीत, फासे टेबलाखाली जात नाहीत. कारणं सगळी खरी होती, म्हणूनच ती इतकी कामाला आली.

एकदाच गाडी अडली. एका तुकडीला दुसरी दिसते की मध्ये टेकडी येते, हे पाहायला मित्राला दोरा हवा होता. या चौकोनाच्या मध्यापासून त्या चौकोनाच्या मध्यापर्यंत दोरा ताणायचा, टेकडीला लागला तर दिसत नाही. त्याच्या धंद्यातली साधी गोष्ट.

"दोरा नको," मी म्हणालो. "चौकोन मोजून ठरवू."

"अबे दोऱ्यानं काय होते? तू तिकडून धर, मी इकडून धरतो."

"नको म्हटलं ना एकदा," मी ओरडलो. ओरडलो म्हणजे खरंच ओरडलो. बायको चहा घेऊन येत होती ती दारातच थांबली. मित्रानं माझ्याकडे पाहिलं, मग दोऱ्याचं रीळ खिशात टाकलं. बायकोनं माझ्यापुढे चहा ठेवला तेव्हा मी पाहिलं, त्याचा कप काठोकाठ होता आणि माझा अर्धाच. कधीपासून अर्धा येत होता, मला आठवेना. तिला विचारायची माझी छाती झाली नाही. अर्धा चहा पिऊन मी कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी.

फाल्गुनात नियम पूर्ण झाले. बावीस कलमं, मी टाइप करून छापून आणली. रोग्यांकडून संमतीपत्र घ्यायची सवय, त्यामुळे शेवटी सहीला दोन रेघाही मारल्या. तीच माझी चूक. सहीची रेघ दिसली की मोजणीवाला तशीच सही करत नाही. शेताची मोजणी झाली की लगतच्या शेतकऱ्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवून लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मग सह्या, अंगठे घ्यायचे, ही त्याची वीस वर्षांची पद्धत. वाचताना माणसाला कळते, आपण काय लिहून दिलं, असं तो नेहमी म्हणायचा.

त्या रविवारी त्यानं चष्मा लावला, कागद लांब धरला आणि कार्यालयातल्या आवाजात वाचायला लागला. "कलम एक. मोजण्यासाठी टेपचा वापर करण्यात येणार नाही. कलम दोन. चौकोनातील सैनिकाची नेमकी जागा ग्राह्य धरण्यात येणार नाही." मी हसत होतो. आधी मलाही मजा वाटत होती. "कलम पाच. एकेक सैनिक हातानं उचलण्यात येणार नाही. कलम सात. कोणतीही चकती अधांतरी धरण्यात येणार नाही. कलम नऊ. फासे हातानं टाकण्यात येणार नाहीत. कलम अकरा. दोरा ताणण्यात येणार नाही."

अकराव्या कलमाला त्याचा आवाज बदलला. तो परत वर गेला. एक, दोन, पाच, सात, नऊ, अकरा. या वेळी ओठांतल्या ओठांत. मी लिहिलेलं माझ्यासमोर वाचलं जात होतं आणि त्यात लढाई कुठेच नव्हती. त्यानं कागद खाली ठेवला.

"हात दाखव," तो म्हणाला.

"कशाला?"

"दाखव न बे."

मी मांडीखालून हात काढला आणि टेबलावर, संत्र्याच्या बागेशेजारी ठेवला. तो हलत होता. बोटं अशी एकमेकांवर घासत होती, जशी वडिलांची घासायची. इतके महिने तो हात मी कोणाला उघडा दाखवला नव्हता. मित्रानं त्यावर आपला हात ठेवला नाही, बरं केलं. ठेवला असता तर मी रडलो असतो.

"वहिनीले माहीत हाय?"

"चहा अर्धा देते."

"म्हणजे माहीत हाय," तो म्हणाला. "अन् दवाखाना?"

मी हात पुन्हा मांडीखाली ओढला.

"उद्या कोण हाय खुर्चीवर?"

उद्या शाळेतल्या बाई होत्या. तिसरी खेप. दाढेची मुळं साफ करायची, केसाएवढ्या सुईनं. मी त्याला सांगितलं, सांभाळून करतो, करंगळी टेकवतो, अजून काही झालेलं नाही. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, ‘अजून’. तो माझ्यावर चिडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "माह्या पोरीच्या तोंडात घालशील हा हात?"

मी नाही म्हणालो.

त्यानं माझा फोन माझ्यासमोर ठेवला. मला नंबर दाबता येईना. भीतीनं हात जास्त हलतो, हे त्या दुखण्याचं एक वैशिष्ट्य आहे. शेवटी त्यानं नंबर लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. काय सांगायचं ते मी ठरवलं होतं, मशीन बिघडलंय. पण समोर कागद पडला होता आणि तो माणूस माझ्याकडे पाहत होता.

"बाई, उद्या येऊ नका," मी म्हणालो. "माझा हात थरथरतो. मी तुमचं काम करू शकत नाही. तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते तोंडानं बोललो, तेही एका परक्या बाईशी. मग त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय न डॉक्टर. पह्यल्याच खेपेले आरसा वाजत होता दातावर. मांगच्या बारीले बी वाजला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाले वाईट वाटलं असतं न. चांगले डॉक्टर तुमी. मी आपली डोळे मिटून देवाचं नाव घेत पडली होती."

"आणि उद्या येणार होता?"

"हाव. नंबर लावेल होता न," त्या म्हणाल्या.

मित्रानं फोन बाजूला ठेवला. मी टेबलाची कड धरून बसलो. गावातली माणसं वडिलांना काही बोलली नाहीत याचा राग मी इतकी वर्षं धरला होता. त्या बाईही काही बोलल्या नाहीत, आणि उद्या दहा वाजता माझ्या खुर्चीवर येऊन, डोळे मिटून, तोंड उघडून पडल्या असत्या. माझ्या हातात सुई असती. त्या कशाला भिऊन देवाचं नाव घेत होत्या ते मला कळलं, आणि इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा स्वतःसाठी सोडून दुसऱ्या कोणासाठी घाबरलो.

त्याच आठवड्यात बायको, मित्र आणि मी, आम्ही तिघं अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी मला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं, कागदावर गोल काढायला लावले आणि ते नाव घेतलं. वडिलांच्याच दुखण्याचं. गोळ्या सुरू झाल्या आहेत, हात थोडा शांत असतो, पण सुई धरण्याइतका नाही, आणि पुढे काय होतं ते मी घरात पाहिलेलं आहे. दवाखाना आता एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे आहे. मी बाहेर बसतो, रोग्यांशी बोलतो, कवळीची मापं समजावून सांगतो. बोलावणं कमी झालं की नाही ते मोजत नाही, म्हणजे मोजायचं नाही असं ठरवलं आहे.

मागची खोली माझ्याकडेच आहे. त्या रविवारी निघण्याआधी मित्रानं खिशातलं पेन काढून कागदावर तेविसावं कलम लिहिलं होतं: "खेळाडूने चौकोन तोंडी सांगावा. तुकडी समोरच्याने सरकवावी." मग सही केली. मीही केली, वेडीवाकडी. आता रविवारी मी नुसता बोलतो, सातव्या ओळीतून तिरके दोन, मग सरळ एक, आणि तो माझे घोडे माझ्यासाठी त्याच्याच सैन्यावर नेतो. हात टेबलावर उघडे असतात. परवा त्यानं माझी पट्टी एक घर कमी सरकवली. मी पकडलं, तो मोजणीत चूक झाली म्हणाला, आणि आम्ही अर्धा तास भांडलो.